काटा पाववर, टाकी कोरडी: कोल्हापूरच्या एका पिकअपचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी दीड टन भाराची डिझेल पिकअप. बीएस-६ (प्रदूषणाच्या नियमांची पायरी), कॉमन रेल इंजिन (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारं), चासीच्या डाव्या अंगाला बाहेरून पट्ट्यांनी बांधलेली पत्र्याची टाकी. कंपनीने सांगितलेली क्षमता ६० लिटर. मीटरमध्ये डिझेलचा काटा आणि त्याखाली 'अजून किती किलोमीटर जाईल' हा आकडा, ज्याला सगळे रेंज म्हणतात.

मालक कोल्हापुरातले. गाडीवर पगारी चालक. आठवड्यातून तीन-चार वेळा शाहू मार्केट यार्डातून भाजीपाला आणि गूळ भरून आंबा घाटाने रत्नागिरी, आणि परतीला मिरकरवाडा बंदरातून बर्फातली मासळी. एका बाजूचं अंतर साधारण १३० किलोमीटर. मधल्या दिवशी गांधीनगर, शिरोली एमआयडीसी, कागल अशी जवळची भाडी. अधूनमधून निपाणीकडचीही खेप.

डिझेल भरायची पद्धत आपल्याकडे सगळीकडे असते तीच: 'दोन हजारांचं टाक.' त्यात बावीस लिटरच्या आसपास येई. टाकी फुल क्वचितच होई. ही सवय पुढे महत्त्वाची ठरली, कारण रुपयांत डिझेल भरणाऱ्याकडे लिटर आणि किलोमीटरचा हिशेब राहत नाही आणि गाडी कायम टाकीच्या खालच्या अर्ध्यावर फिरत राहते. गेजची, म्हणजे डिझेल दाखवणाऱ्या काट्याची, चूक सर्वात महाग पडते तीही तिथेच.

अडचण

तक्रारी दोन होत्या आणि एकमेकींच्या उलट होत्या. टाकी कधी फुल केलीच, तर काटा 'एफ'च्या रेषेला टेकत नव्हता. त्याच्या थोडा खालीच थांबे, म्हणजे जवळपास पाच लिटर कमी दाखवी. पण टाकी रिकामी होत आली की काटा एक अष्टमांशाजवळ येऊन बसे आणि तिथून हलत नसे. डिझेल कमी असल्याचा पिवळा दिवा लागत नसे.

परतीच्या एका खेपेत गाडी आंबा घाट चढताना मध्येच बंद पडली. काटा एक अष्टमांशावर, रेंज १०४ किलोमीटर. मागे बाराशे किलो मासळी आणि वितळणारा बर्फ. चालकाचा बेत वर मलकापुरात डिझेल भरायचा होता आणि मीटरवर विश्वास ठेवला तर तो अगदी शहाणपणाचा बेत होता. कॅनमधून डिझेल येईपर्यंत आणि लाइनमधली एअर काढून गाडी चालू होईपर्यंत अडीच तास गेले. मासळी कोल्हापुरात पोचली तेव्हा बाजाराचा चढा भाव उतरला होता. मालकाच्या हिशेबाने साडेआठ हजारांचा फटका.

त्याच दिवशी मालकांनी चालकाला विचारलं, डिझेल कुठं गेलं? चालकाचं उत्तर असं: "मालक, काटा खाली पडला न्हाई, लाइट लागली न्हाई, मी कशावरनं वळकायचं?"

उत्तर बरोबर होतं, पण मालकांना ते तेव्हा पटलं नाही. फुल टाकीला पाच लिटर कमी दिसतं, घाटात टाकी कोरडी सापडते, मग मध्ये कोणीतरी डिझेल काढतंय. बाहेरून बघणाऱ्याला दुसरा अर्थ सुचणं कठीणच.

कोणावर संशय, आणि तो कसा तपासला

चार शक्यता समोर होत्या: चालक डिझेल विकतो, पंपावर माप कमी मिळतं, मीटर खराब आहे, किंवा टाकीतला फ्लोट (डिझेलवर तरंगून पातळी सांगणारा भाग) खराब आहे. एका वर्कशॉपने न मोजताच मीटर बदलायचा सल्ला दिला आणि खर्च सांगितला चौदा हजार. दुसऱ्या मिस्त्रीने फ्लोट बदला म्हणून सांगितलं, दोन हजार दोनशे.

या टप्प्यावर मालकांनी एक चांगला निर्णय घेतला. काहीही बदलण्याआधी आणि चालकाला काढण्याआधी मोजायचं ठरवलं.

पंपाची शंका सर्वात लवकर मिटते. प्रत्येक पंपावर वैधमापन खात्याच्या शिक्क्याचं पाच लिटरचं माप ठेवलेलं असतं आणि ग्राहकाने मागितलं तर त्यात माप करून दाखवावं लागतं. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो. इथे माप त्या हद्दीत निघालं.

चालकावरच्या संशयासाठी फुल टू फुल हिशेब केला. एकाच पंपावर, एकाच नोझलने, सपाट जागी, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईल तिथे थांबायचं. वर 'थोडं बसवायचं' नाही. किलोमीटर लिहायचे, पुढच्या वेळी तसंच भरायचं आणि बसलेल्या लिटरने भागायचं. लागोपाठच्या दोन टाक्यांत ५४८ किलोमीटरला ४९.६ लिटर आणि ५३१ किलोमीटरला ४७.९ लिटर बसलं. दोन्हीकडे अ‍ॅव्हरेज अकराच्या किंचित वर. मालकांच्या जुन्या वहीत गाडी नवी असतानाची काही बिलं होती, त्यांचं अ‍ॅव्हरेज ११.२. म्हणजे डिझेल इंजिनातच जळत होतं, दुसरीकडे कुठे जात नव्हतं. गेजचं काही बिघडलं असो वा नसो, या हिशेबाला गेज लागतच नाही. चोरीचा प्रश्न काट्याकडे बघून सुटत नाही, तो असाच सुटतो.

विजेची तपासणी

या गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेप्रमाणे फ्लोटचा रोध (विजेला होणारा अडथळा, तो ओहममध्ये मोजतात) काटा 'ई'वर असताना २८५ ओहम आणि 'एफ'वर ३५ ओहम. डिझेल वाढलं की रोध कमी होतो. (हे आकडे याच गाडीचे. काही गाड्यांत क्रम नेमका उलट असतो, म्हणून दुसऱ्याचे आकडे वापरून निदान करू नये.) 'ई' म्हणजे टाकी कोरडी असंही नाही. इथे काटा 'ई'वर आला तरी आत पाच लिटर शिल्लक असावं अशी रचना आहे. म्हणजे पंचावन्न लिटरमध्ये २५० ओहमचा फरक, लिटरमागे साधारण साडेचार ओहम.

ऑटो इलेक्ट्रिशियनने टाकीवरचा कपलर (वायरी जोडणारा सांधा) काढला आणि फ्लोटऐवजी दुकानात मिळणारा साधा ४७ ओहमचा रेझिस्टर लावला. पहिल्यांदा सिग्नलची वायर आणि थेट बॅटरीची निगेटिव्ह यांच्यामध्ये. चावी बंद करून जोडणी, मग चावी चालू, मग थांबणं. टाकीत डिझेल हिंदकळलं तरी काटा नाचू नये म्हणून मीटर मुद्दाम हळू प्रतिसाद देतं, त्यामुळे घाई केली तर चुकीचं वाचन लिहिलं जातं. काटा 'एफ'च्या जवळ, जिथे यायला हवा तिथे आला. २७० ओहम लावल्यावर एक अष्टमांशाच्या किंचित वर, तेही बरोबर. मीटर आणि सिग्नलची वायर दोन्ही निर्दोष. चौदा हजार वाचले ते इथे, दोन-दोन रुपयांच्या रेझिस्टरवर.

मग तोच ४७ ओहमचा रेझिस्टर कपलरच्या दोन पिनांमध्ये, म्हणजे गाडीची स्वतःची अर्थ वायर (चासीला जोडलेली, वीज परत नेणारी) वापरून लावला. काटा पहिल्यापेक्षा खाली थांबला. आता दोष अर्थच्या वायरमध्येच असणार हे उघड होतं. बॅटरी सोडवून त्या वायरचा चासीपर्यंतचा रोध मोजला: २२ ओहम. जिथे अर्धा ओहमही नसावा तिथे बावीस. (मल्टिमीटरच्या दोन्ही पिना आधी एकमेकींना टेकवून त्यांचा स्वतःचा रोध वजा करावा लागतो, नाहीतर लहान आकडे फसवतात.)

कारण हौद्याखाली सापडलं. अर्थचा बोल्ट चासीच्या बाहेरच्या अंगाला, बरोबर हौद्याच्या फळीच्या सांध्याखाली होता. मासळीच्या क्रेटमधून बर्फाचं खारट पाणी खेपेगणिक त्याच्यावर ठिबकत होतं. लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) हिरवा-पांढरा पडला होता आणि त्याखाली चासीचा पत्रा गंजलेला. मासळीच्या गाड्यांत ब्रेकचे पाइप आणि पाटे लवकर जातात हे सगळ्यांना माहीत असतं. अर्थच्या बोल्टाकडे मात्र कोणी बघत नाही, कारण तो कधी आवाज करत नाही.

बावीस ओहमची भर पडली की मीटरला डिझेल कमी वाटतं. बावीस भागिले साडेचार, म्हणजे पाच लिटर. फुल टाकीला काटा पाच लिटर खाली का थांबत होता, त्याचा हिशेब तंतोतंत जुळला.

पहिली दुरुस्ती आणि तिची फसगत

दुरुस्ती सोपी होती. जुना लग कापून नवा तांब्याचा लग दाबून बसवला. बोल्टची जागा बदलून चासीच्या आतल्या अंगाला, ठिबकणाऱ्या पाण्यापासून दूर नेली. तिथला रंग घासून चकचकीत पत्रा काढला, दातेरी वॉशर घातला, घट्ट आवळल्यानंतर वरून व्हॅसलीन लावलं. आवळायच्या आधी लावलं तर ते सांध्यात अडकतं, म्हणून नंतर. रोध ०.३ ओहम. खर्च साडेतीनशे रुपये.

टाकी फुल केली. काटा 'एफ'ला टेकला. सगळे खूश. प्रकरण मिटलं असं धरून गाडी कामाला लागली.

या सगळ्या प्रकरणातला सर्वात चुकीचा निर्णय हाच. दुरुस्ती फक्त फुल टाकीवर तपासली गेली. घाटात गाडी बंद पडली ती काटा वर असताना नव्हे, खाली असताना. आणि 'कमी दाखवतो' या दोषाने 'संपलं तरी दाखवतो' ही तक्रार होऊच शकत नाही. अर्थ खराब असल्यामुळे काटा खरं डिझेल आहे त्यापेक्षा कमी दाखवत होता, तर मग टाकी कोरडी पडल्यावर एक अष्टमांश कसा दिसला? हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारला असता तर पुढचा प्रकार टळला असता. दोन उलट दिशांच्या तक्रारींना एकच कारण पुरं पडत नाही. एक कारण सापडलं की दुसऱ्याचा शोध थांबतो, हा गॅरेजमधला जुना रोग आहे.

काही दिवसांनी निपाणीकडून भाजी घेऊन येताना पुणे-बेंगळुरू महामार्गावर, कागलच्या अलीकडे, पहाटे गाडी पुन्हा बंद. या वेळी काटा पावच्या किंचित खाली आणि रेंज १३८ किलोमीटर. म्हणजे दुरुस्तीनंतर मीटर पूर्वीपेक्षा जास्त खोटं बोलत होतं. आधी अर्थचा दोष पाच लिटर कमी दाखवून खालच्या दोषाचं थोडं झाकत होता. तो काढल्यावर खालचा दोष पूर्ण उघडा पडला.

चालकाने या वेळी सांगितलेली एक गोष्ट खरं तर आधीही घडली होती: "शंभर किलोमीटर गाडी पळाली, पर रेंज १४० च्या आसपासच." त्याला वाटलं, सपाट रस्त्यावर अ‍ॅव्हरेज भारी पडतंय. गाडी पळते आणि रेंज जागेवर राहते, हे याहून स्पष्ट लक्षण नाही. फ्लोट अडकल्याचंच ते लक्षण.

टाकी रिकामी करून तपासणी

आता टाकीतलं उरलेलं सगळं डिझेल काढलं. १.८ लिटर निघालं. गाडी सपाट जागी उभी करून मापाच्या कॅनने एकेक पाच लिटर ओतत कपलरच्या पिनांवर रोध लिहीत गेले. टाकी रिकामी असताना रोध २८५ च्या आसपास यायला हवा होता. आला २४९. पाच लिटर ओतल्यावर २४९. दहा लिटरला तोच २४९. पंधरा लिटरला २३१, वीसला २०८, आणि मग वरपर्यंत नियमित घसरण, पण प्रत्येक ठिकाणी पुस्तिकेपेक्षा नऊ-दहा ओहम कमी.

या आकड्यांत पूर्ण उत्तर आहे. अकरा-बारा लिटरच्या खाली फ्लोट उतरतच नाही, तो कशावर तरी टेकतो. आणि वरच्या भागात सतत दोन लिटर जास्त दिसतं, म्हणजे टाकीच्या तळाशी दोन लिटरची जागा कशाने तरी खाल्ली आहे. टाकी शिगोशिग भरायलाही ६० ऐवजी ५८ लिटरच लागलं.

तेव्हा कोणीतरी गाडीखाली झोपून टाकीचा तळ बघितला. मध्यभागी बाटली जॅकच्या डोक्याचा गोल ठसा होता आणि त्याभोवती पत्रा आत गेलेला, लांबीत तीसेक सेंटिमीटर, मध्ये साडेपाच सेंटिमीटर उंच. भरलेल्या गाडीचं टायर बदलताना कोणीतरी जॅक टाकीखाली लावला होता. चिखलाच्या थरामुळे तो ठसा दिसत नव्हता. कधी, कुठे, कोणी, हे कळणं शक्य नव्हतं आणि त्याने फरकही पडत नव्हता.

फ्लोट नेमका त्या फुगवट्यावर बसत होता. पिवळा दिवाही त्याच फ्लोटच्या रोधावर चालतो, त्यामुळे तो कधी लागणारच नव्हता. बऱ्याच गाड्यांत असंच असतं. काटा आणि दिवा हे दोन साक्षीदार वाटतात, पण दोघांचाही डोळा एकच.

फ्लोट युनिट बाहेर काढून हाताने हळूहळू वरखाली केलं. रोध २८४ पासून ३६ पर्यंत कुठेही न अडखळता बदलला. जो बदलायचं दुसऱ्या मिस्त्रीने सुचवलं होतं तो सुटा भागही मीटरसारखाच निरोगी निघाला. नवा बसवला असता तर तोही त्याच उंचवट्यावर जाऊन बसला असता.

घाटातच का?

पहिल्यांदा गाडी घाटात बंद पडली, पण सपाटीवर आणल्यावर कॅन यायच्या आधी एकदा चालू झाली होती. यामुळेही संशय वाढला होता. कारण टाकीच्या आकारात आहे. टाकी ८० सेंटिमीटर लांब. डिझेल ओढणारा पाइप पुढच्या टोकाकडे. शंभर मीटरला सात मीटर चढ असेल तर टाकीच्या पुढच्या आणि मागच्या टोकांत डिझेलची पातळी साडेपाच सेंटिमीटरने बदलते. टाकीत चार लिटर असेल तर ते सगळं मागच्या अंगाला जमतं आणि पाइप हवा ओढतो. महामार्गावर मात्र गाडीने १.८ लिटरपर्यंत वापरलं. घाटाच्या गाडीला 'ई'नंतर पाच लिटर असतं हा हिशेब चालत नाही.

एअर आल्यावर काय केलं, तेही लिहून ठेवण्यासारखं आहे. डिझेल फिल्टरवरचा हातपंप तो कडक लागेपर्यंत दाबायचा, फिल्टरचा एअर स्क्रू किंचित सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल येऊ द्यायचं, मग आवळायचा. स्टार्टर दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नाही आणि मध्ये अर्धा मिनिट विश्रांती. जाड, हाय प्रेशर पाइपांचे नट कॉमन रेलमध्ये सैल करायचे नाहीत, जुन्या इंजिनांत ते चालायचं म्हणून इथेही चालेल असं नाही. तिथला दाब हजार बारच्या, म्हणजे हवेच्या दाबाच्या हजारपटीच्याही, वर जाऊ शकतो. शिवाय कॉमन रेलच्या पंपाला वंगण डिझेलचंच असतं, म्हणून कोरडं फिरवणं हे फक्त वेळेचं नुकसान नाही. दोनदा कोरडी पडल्यामुळे तळाचा गाळही फिल्टरमध्ये आला होता. फिल्टर बदलला.

टाकीचं काय करायचं

पर्याय चार. पहिला, फ्लोटची दांडी थोडी वाकवून उंचवट्यातून सोडवणं. एका मिस्त्रीने हे सुचवलं आणि दहा मिनिटांत करूनही देणार होता. पण दांडी वाकवली की प्रत्येक पातळीचं वाचन बदलतं आणि तळाची दोन लिटरची जागा परत मिळत नाही. नाकारला.

दुसरा, पत्रा ठोकून किंवा वेल्डिंगने ओढून सरळ करणं. डिझेल पेट्रोलसारखं चटकन पेटत नाही या समजाने लोक रिकाम्या टाकीला वेल्डिंग लावतात. रिकामी टाकीच जास्त धोक्याची, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात. नीट करायचं तर टाकी वाफेने धुऊन, पाण्याने भरून, जाणत्या माणसाकडूनच. आणि इतकं करूनही घडीच्या जागी पत्रा बारीक झालेला राहतो, खाऱ्या पाण्यात तिथून आधी गळतो. तिसरा, भंगारातली टाकी. दोन बघितल्या, दोन्हींच्या आत गंज. गंजाचा कण कॉमन रेलच्या इंजेक्टरपर्यंत गेला तर टाकीत वाचलेले पैसे एका दिवसात जातात.

चौथा, नवी टाकी. साडेसात हजार आणि मजुरी. मालकांनी हाच घेतला. पट्ट्यांखालचे जुने रबर बदलले, नाहीतर पत्रा घासून तिथे छिद्र पडतं. फ्लोटचं वॉशर नवं घातलं, युनिट जुनंच.

रेंजच्या आकड्याबद्दल

यानंतरही रेंज खरी झाली नाही, आणि ती होणारही नव्हती. काटा आणि रेंज यांतला फरक इथे समजून घ्यायला हवा. काटा पातळी मोजतो. रेंज म्हणजे काट्याने सांगितलेले लिटर गुणिले नुकत्याच धावलेल्या काही किलोमीटरचं अ‍ॅव्हरेज. किती किलोमीटरचं अ‍ॅव्हरेज धरायचं हे प्रत्येक कंपनीचं वेगळं, पण मागचं बघून पुढचं सांगणं हीच पद्धत.

कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर ही पद्धत हमखास चुकते. आंबा घाट उतरताना गाडी गिअरमध्ये असते, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नसतो, तेव्हा इंजिन डिझेल जवळपास बंद करतं. अ‍ॅव्हरेज वर उडतं आणि साखरप्याला पोचेपर्यंत रेंज कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली दिसते. परतीला मासळी-बर्फाने भरलेली तीच गाडी तोच घाट चढताना लिटरला सात-आठ किलोमीटर देते. मीटरला पुढे घाट आहे हे माहीत नसतं. पहिल्या वेळी दिसलेले १०४ किलोमीटर दोन चुकांचा गुणाकार होते: अडकलेला फ्लोट, आणि घाटाचं ओझं लक्षात न घेणारं अ‍ॅव्हरेज. फ्लोट निरोगी असता तरी तो आकडा घाट चढायला पुरेल असं धरणं चूकच होतं.

म्हणून रेंजवर अवलंबून राहणं बंद केलं. दर फुल टाकीला ट्रिप मीटर शून्य करायचं. ६० लिटरपैकी १० लिटर घाटासाठी राखीव धरले, उरलेले ५० गुणिले ९ (भारासकट, पूर्ण टाकीवर वाईटात वाईट धरलेलं अ‍ॅव्हरेज), म्हणजे ४५० किलोमीटर. ट्रिप ४५० झाली की काटा काहीही म्हणो, डिझेल भरायचं. आणि परतीचा घाट चढण्याआधी टाकी अर्ध्याच्या वर हवी.

निष्पत्ती

नव्या टाकीवर तीच पाच-पाच लिटरची मोजणी पुन्हा केली, या वेळी तळापासून. रिकामीला २८४ ओहम. सात लिटरच्या आसपास पिवळा दिवा मालकांनी पहिल्यांदा लागलेला पाहिला. पाव, अर्धा, पाऊण या तिन्ही ठिकाणी काटा दीड लिटरच्या आत खरा. सामान्य गाडीच्या गेजकडून याहून जास्त अपेक्षा धरू नये.

सगळा खर्च, फिल्टर धरून, दहा हजारांच्या आत राहिला. घाटातल्या एका खेपेचं नुकसान साडेआठ हजार होतं, हे त्याच्या शेजारी ठेवून बघावं. चालक कामावर आहे. मालकांनी त्याला स्पष्टपणे काही सांगितलं की नाही, ते ठाऊक नाही. पण डिझेलची वही आता त्याच्याच हातात असते.

वेगळं काय करता आलं असतं

टाकीचा तळ पहिल्याच दिवशी बघायला हवा होता. गाडीखाली झोपून हात फिरवायला दोन मिनिटं लागतात आणि पैसे लागत नाहीत. विजेची तपासणी अधिक 'शास्त्रीय' वाटते, म्हणून सगळे आधी तिकडे वळले.

अर्थ दुरुस्त केल्यानंतर गाडी एकदा मुद्दाम पंपाजवळच्या रस्त्यावर, कॅनमध्ये दहा लिटर बरोबर घेऊन, तळापर्यंत चालवून बघायला हवी होती. तेवढं जमत नसेल तर निदान रिकाम्या टाकीवर एकदा रोध मोजायचा. ज्या टोकाला तक्रार आहे त्याच टोकाला तपासायचं.

फुल टू फुल हिशेब चालकावर संशय घेण्याआधी करायचा होता. नंतर केल्याने माणूस सुटला, पण मधले आठवडे त्याच्या नावावर चोरीच होती.

टायरवाल्याकडे उभं राहणं मालकांनी आता चालकाला सक्तीचं केलं आहे. चासीवर जॅकच्या जागा पांढऱ्या रंगाने रंगवल्या आहेत, पुढे अ‍ॅक्सलजवळ दोन आणि मागे पाट्याच्या बैठकीखाली दोन. अर्थचा बोल्ट दर पावसाळ्यानंतर मोजायचा ठरलं आहे. पहिल्या पावसाळ्यानंतर तो ०.५ ओहम आला. एक ओहमच्या वर गेला की उघडून घासायचा.